रंगाखालचा पत्रा: युद्धकाळातल्या जीपच्या रिस्टोरेशनमधली फसवणूक

दुसऱ्या महायुद्धातल्या एका जीपचा नवाकोरा रंग अलीकडे खरवडून काढावा लागला. बॉडीच्या कामाचे साडेचार लाख रुपये देऊन झाले होते आणि गाडी चकचकीत दिसत होती. पण एका पावसाळ्यात मागच्या चाकांच्या कमानींवर फोड आले, डाव्या बाजूच्या पत्र्यावर केसासारखी भेग गेली, तेव्हा मालकाने ती उघडून बघायचं ठरवलं. आत काय निघालं ते इथे सविस्तर देतोय, कारण अशाच पद्धतीने 'ओरिजिनल' केलेल्या जीप बाजारात आणखीही आहेत. प्रकरण तक्रारीत असल्याने गॅरेजचं नाव देत नाही.

गाडी फोर्डची जीपीडब्ल्यू. विलिस-ओव्हरलँडने एमबी काढली, त्याच आराखड्यावर फोर्डने जीपीडब्ल्यू. १९४१ ते १९४५ मध्ये दोन्ही मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या बनल्या. अमेरिकी लष्कराच्या कागदांत तिचं नाव 'ट्रक, पाव टन, फोर बाय फोर' असं आहे. युद्धानंतर त्यातल्या बऱ्याच भारतात राहिल्या, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्राने विलिसच्या नागरी जीपची जुळणी सुरू केली. लष्करी जीप आणि सीजे-टू-ए, सीजे-थ्री-बी ह्या नागरी जीप, सगळ्यांचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ८० इंच. म्हणजे एकीची बॉडी दुसरीच्या चासीवर थोड्या खटपटीने बसते. सगळा खेळ इथून सुरू होतो.

मालकाने गाडी दिली तेव्हा टब, म्हणजे चासीवर बसणारी उघडी बॉडी, मूळचा होता, सडलेला पण मूळचा. गॅरेजने 'हाच टब दुरुस्त करतो' असं लिहून दिलं आणि परत देताना त्या जागी नागरी जीपचा टब बसवून दिला. रंग उतरवल्यावर तीन खुणा सापडल्या. पहिली, मागच्या पॅनलवर दोन उभे जोड, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर. लष्करी जीपला मागे उघडणारी फळी नसते, पॅनल सलग असतं, त्यावर स्टेपनी आणि जेरीकॅन लागतं. नागरी टबची फळीची जागा पत्रा लावून बुजवली होती. दुसरी, बाजूच्या पत्र्यात तळहाताएवढं गोल ठिगळ. नागरी जीपमध्ये पेट्रोल बाहेरून भरतात. लष्करी जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, आणि तोंडही तिथेच, गादी उचलून भरायचं. तिसरी खूण बघून हसावं की रडावं कळेना: मागच्या दोन्ही कोपऱ्यांत हत्यारपेट्यांची झाकणं होती, कड्याही होत्या, पण झाकण उघडल्यावर खाली पेटीच नाही, नुसता चाकाच्या कमानीचा पत्रा!

डाव्या बाजूला फावडं आणि कुऱ्हाड बसवायला पत्र्यात जो खोलगटपणा असतो, तो इथे चक्क पुट्टीत कोरलेला होता. केसासारखी भेग पडली ती तिथेच.

मूळ टब कुठे गेला? विकला गेला, दुसरं काय. फोर्डच्या गाडीवर कंपनीने बोल्टच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी एफ अक्षर उठवलं होतं. ब्रॅकेट, हूक, पेट्यांची झाकणं, सगळीकडे ते अक्षर सापडतं. असे एफ-खुणेचे सुटे भाग जमवणारे लोक देशात आणि परदेशात आहेत, आणि गंजलेल्या मूळ टबलाही गिऱ्हाईक असतं. इथे परत आलेल्या गाडीवर मूठभर एफचे बोल्ट उरले होते, तेही समोर सहज दिसतील असे, बंपरजवळ. बाकी सगळे बाजारातले साधे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. विलिस आणि फोर्डचे भाग एकमेकांत मिसळलेले असणं म्हणजे लगेच फसवणूक नव्हे. लष्करी वर्कशॉपमध्येच युद्धाच्या काळात हाताला येईल तो भाग लावला जात होता. चासी फोर्डची आणि मडगार्ड विलिसचं असेल तर त्यावरून कुणाला चोर ठरवू नका. चासी कोणाची ते ओळखणं सोपं आहे: रेडिएटरच्या खालचा आडवा दांडा विलिसमध्ये गोल नळीचा, फोर्डमध्ये चौकोनी छेदाचा. फोर्डचा नंबर डाव्या चासी रेलच्या (चासीच्या लांब दांड्याच्या) वरच्या अंगावर ठोकलेला असतो, विलिसमध्ये नंबराची पट्टी रेलला रिव्हेट केलेली असते. डॅशबोर्डवरच्या पितळी-जस्ती पट्ट्या कोऱ्या मिळतात, त्यावर हवा तो नंबर ठोकता येतो. त्यांच्यावरून काहीही सिद्ध होत नाही. चासीवरच्या नंबराभोवती ग्राइंडर फिरल्याचे ओरखडे आहेत का, अक्षरांची खोली सारखी आहे का, ते भिंग घेऊन बघा. समोरची जाळी (गॅरेजात 'शो' म्हणतात ती) मोजा: लष्करी गाडीच्या पत्र्याच्या जाळीत नऊ फटी, नागरी जीपमध्ये सात. सुरुवातीच्या काही विलिसना पट्ट्या जोडून केलेली जाळी होती, ती वेगळी.

आता पत्र्याचं काम. बिलात '१८ गेज सीआर पत्रा, ८ बाय ४, नग ४' असं लिहिलं होतं. सीआर म्हणजे कोल्ड रोल्ड, थंड लाटलेला; १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाडी, आणि त्या मापाची ८ बाय ४ फुटी एक शीट जवळपास २८ किलो भरते. चार शीट म्हणजे ११२ किलो. प्रत्यक्षात गाडीवर नवा पत्रा एक शीटभरही नव्हता, आणि कापलेल्या कडेला व्हर्नियर लावला तर ०.७ मिलिमीटर, म्हणजे २२ गेज. पत्रा किलोवर विकला जातो, त्यामुळे दुकानाच्या पावतीत वजन असतंच. गॅरेजच्या बिलाला ती पावती जोडून मागा. ती द्यायला का-कू झाली तर काय समजायचं ते समजा.

मजल्याचा, म्हणजे टबच्या तळाचा, पत्रा बदललाच नव्हता. जुन्या कुजलेल्या मजल्यावर नवा पातळ पत्रा ठेवून कडेने वेल्डिंगचे टाके मारले होते. ही युक्ती सगळ्यात जास्त चालते, कारण वरून मजला गुळगुळीत दिसतो. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी ओढलं जातं आणि वाळत नाही. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात असा मजला दोन-तीन वर्षांत आतून खाल्ला जातो. ओळखायची जागा म्हणजे निचऱ्याची भोकं: भोकाच्या कडेवर बोट फिरवा, दोन ओठ लागले तर दोन पत्रे आहेत. खालून बघितलं तर जुना गंज काळ्या अंडरकोटने झाकलेला दिसेल. अंडरकोट ताजा आणि जाड असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघायला लाजू नका.

मूळ लष्करी टबमध्ये मजल्याखाली टोपीच्या आकाराचे लांब चॅनेल असतात आणि त्यांच्या आत लाकडाच्या पट्ट्या घातलेल्या असतात. लाकूड ओल धरून ठेवतं, चॅनेल आतून सडतं. इमानदारीने काम करायचं तर वेल्डच्या टाक्यांच्या जागी ८ मिलिमीटरच्या स्पॉट कटरने भोकं पाडून चॅनेल सोडवायचे, मजल्याचा पत्रा कापायचा, नवे चॅनेल आणि आतून रंग दिलेलं नवं लाकूड बसवून भोकांतून प्लग वेल्ड मारायचे. ह्या कामाला वेळ लागतो. त्यामुळे 'चॅनेल ठीक आहेत, फक्त मजला बदलला' असं कुणी म्हणालं तर चॅनेलचा उघडा फोटो मागा. वेल्डिंगही महत्त्वाचं: पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंगने, ०.८ मिलिमीटरच्या तारेने, कडेला कड भिडवून, एका जागी दोन-अडीच सेंटीमीटरचा टाका मारून दुसरीकडे जायचं, मग परत यायचं. सलग ओढलं की पत्रा लाटा मारतो. गॅसने पितळ वितळवून झाळलेले जोड इथे बरेच होते. त्यांत फ्लक्स अडकून राहतो आणि रंग तिथूनच फुगतो.

सगळ्यात जास्त पुट्टी चाकांच्या कमानींवर होती, काही ठिकाणी ९ मिलिमीटर. चांगल्या कामात दोन-तीन मिलिमीटरच्या वर जायची गरज पडत नाही. जीपचा टब ताठ नसतो, खड्ड्यात चासी पिळवटते तसा टबही हलतो, आणि जाड पुट्टी त्याच्याबरोबर हलत नाही. शिवाय पॉलिएस्टर पुट्टी सच्छिद्र असते. पाणी-पेपरने घासताना ती पाणी पिते, नीट न वाळवता वर रंग चढवला की उन्हात फोड येणारच. गंजावर थेट लावलेली असेल तर बोलायलाच नको.

चुंबकाची परीक्षा बहुतेकांना माहीत असते: जाड पुट्टीवर चुंबक चिकटत नाही. फसवणाऱ्यांनाही माहीत असते. इथे पुट्टीच्या आत बारीक लोखंडी जाळी दाबलेली होती, त्यामुळे चुंबक चिकटत होता. म्हणून चुंबकापेक्षा रंगाची जाडी मोजणारं यंत्र बरं, काही हजारांत मिळतं. पुन्हा रंगवलेल्या गाडीवर २०० ते ४०० मायक्रॉन दिसणं साहजिक आहे. हजारच्या पुढे गेलं की खाली पुट्टी आहे, आणि यंत्र आकडाच दाखवत नसेल तर त्याच्या मर्यादेपेक्षा जाड आहे. एकाच पॅनलवर हातभर अंतराने मोजा. आकडे कसे उड्या मारतात ते आकड्यापेक्षा जास्त सांगून जातं. स्पॉट वेल्डचे (दोन पत्रे चिमटून जोडल्याचे) बारीक खळगेही बघा. इथे कडेने छान ओळीत खळगे होते, पण ते पुट्टी ओली असताना पंच दाबून केलेले. खऱ्या खळग्याच्या दोन्ही बाजूंना पत्रा दबलेला असतो.

बिलात सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने गंज काढणं) आणि दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर होता. निघालं तारेच्या ब्रशने घासलेलं लोखंड आणि साधा रेड ऑक्साइड प्रायमर. परीक्षा सोपी: सुती फडक्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर घ्या, झाकलेल्या एखाद्या जागी अर्धा मिनिट दाबून धरा. मुरलेल्या इपॉक्सीला काही होत नाही, रेड ऑक्साइड मऊ पडतो, सुरकुततो, फडक्याला तांबडं लागतं. वरचा रंग पीयू (पॉलियुरेथेन) सांगून एनसी मारला असेल तर तोही असाच पकडता येतो. खरोखर ब्लास्ट केलेला पत्रा उघडा ठेवताच येत नाही, त्याच दिवशी प्रायमर लागतो. पावसाळ्यात तर काही तासांत तांबूस झाक येते. 'ब्लास्ट करून आठवडाभर ठेवलाय, बघायला या' असं कुणी म्हणालं तर जाऊन बघाच.

रंगाचाही एक सापळा आहे. 'खरा आर्मी ऑलिव्ह ग्रीन' म्हणून जास्तीचे पैसे घेतले होते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कुठल्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. गाडी आरटीओत गेली की अडचण मालकाची, गॅरेजची नाही. २०२१ साली आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांमुळे टब बदलण्याचा तोटा आणखी वाढतो. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी मूळ रूपात असेल तर 'व्हीए' असलेला नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी, मुदत १० वर्षं. पण चासी, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार नको, अशी अट आहे. मागे फळीची जागा बुजवलेला टब घेऊन ह्या नोंदणीला जाणं म्हणजे आपणच पुरावा हातात देणं.

पैसे कसे द्यायचे, त्यावर बरंच अवलंबून आहे. ह्या व्यवहारात निम्मे पैसे सुरुवातीला आणि बाकीचे 'प्रायमर झाल्यावर' असं ठरलं होतं, म्हणजे नेमकं सगळं झाकून झाल्यावर. हप्ता बांधायचा तो उघड्या पत्र्याला: गंज काढलेला, पुट्टी न लावलेला टब समोर दिसला की एक हप्ता, नवे पत्रे वेल्ड होऊन टब चासीवर बोल्टने बसवून दाखवला की दुसरा. टब चासीवर ठेवूनच वेल्ड करायला सांगा. जमिनीवर जोडलेला टब पिळतो आणि मग वॉशर घालून ओढून बसवतात. टबच्या दोन्ही कर्णांवर टेप धरा; चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर काच फ्रेम सरळ उभी राहत नाही. आणि गाडी देतानाच प्रत्येक सुट्या भागाचा, एफ-खुणेसकट, फोटो काढून यादीवर गॅरेजची सही घ्या. टबच्या आतल्या अंगाला, कुणी बघणार नाही अशा दोन ठिकाणी पंचने आपली खूण ठोका, तिचाही फोटो ठेवा.

फसवणूक झालीच असेल तर रंग स्वतः खरवडायला घेऊ नका. आधी नोटीस द्या, मग परवानाधारक सर्व्हेअरसमोर, व्हिडिओ चालू ठेवून, एकेक पॅनल उघडा; नाहीतर 'हे तुम्हीच केलंत' असं उत्तर मिळतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची (म्हणजे कामासाठी दिलेल्या रकमेची) तक्रार चालते, मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. मूळ टब आणि भाग परस्पर विकले असतील तर पोलिसांत भारतीय न्याय संहितेची कलमं ३१६ आणि ३१८, विश्वासघात आणि फसवणूक, लागू होऊ शकतात. तिथे सगळ्यात उपयोगी पडते ती सही केलेली यादी, कारण ठाण्यातल्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो की दिलेला टब आणि परत आलेला टब वेगळे आहेत हे कशावरून.