भाऊच्या धक्क्यावरचा ‘गाववालो’: 12,200 रुपये गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून

रेल्वे तिकिटाच्या नावाखाली फसलो. रक्कम आधी सांगतो. 1,200 यूपीआयने, मग 6,000 यूपीआयने, मग 5,000 रोख. एकूण 12,200. वर रात्रीची गाडी गेली, म्हणून दुसऱ्या दिवशी खाजगी बसला 1,100. घरी मी फक्त पहिले 1,200 सांगितले आहेत. बाकीचं आज इथे पहिल्यांदा लिहितोय.

मी वेंगुर्ला तालुक्यातला. काजूचा छोटा कारखाना आहे. गणपतीच्या आधी ऑर्डरी पक्क्या कराव्यात म्हणून 240 आणि 320 नंबरच्या गराची सँपलं घेऊन दोन दिवसांसाठी मुंबईला गेलो. पहिला दिवस वाशी मार्केट आणि मशीद बंदरात गेला. एका व्यापाऱ्याने जुन्या बाकीतले 8,000 रोख दिले. दुसरा दिवस मोकळा होता, गाडी रात्री 11.05 ची कोकणकन्या. इतकी वर्षं मुंबईला येतो, पण काम झालं की स्टेशन गाठायचं. या खेपेला ठरवलं, एकट्याने शहर बघायचं. आधी भाऊचा धक्का, कारण आजोबा वेंगुर्ल्याच्या बंदरातून बोटीत बसायचे आणि इथे उतरायचे. लहानपणी त्यांच्या तोंडून ऐकलेली ती जागा बघायची होती, एवढंच.

मासेमारीची पावसाळी बंदी नुकतीच उठली होती. धक्का बोटींनी, बर्फाने, टोपल्यांनी भरलेला. मी फोनवर भावाशी मालवणीत बोलत होतो. तो डोंबिवलीला असतो. गणपतीला पाच जणांना गावी यायचंय आणि एकही तिकीट नाही, हाच विषय. माझंही परतीचं वेटिंगच होतं. फोन ठेवला तर शेजारी एक माणूस उभा. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, गळ्यात तुळशीची माळ.

“खयचे तुमी?”

वेंगुर्ल्याचो म्हटल्यावर त्याने हात धरला. “मगे गाववालेच! माझो मामा मठात.” मग मठ गावचं देऊळ, तुळस गावची जत्रा, वेंगुर्ल्याचा बाजार, सगळं बरोबर. दहा मिनिटं असं बोलला की परक्या शहरात मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्याचा साडू म्हणे रेल्वेत ‘कोट्याच्या टेबलावर’. “आपल्या माणसाक आपण नाय मदत करूची तर कोणी करूची?”

वेंगुर्ल्याचा बाजार कुणालाही माहीत असतो आणि मालवणी मुंबईत हजारो जण बोलतात. आता हे कळतं. भाषा म्हणजे ओळखपत्र नव्हे.

माझ्या तिकिटासाठी 1,200 मागितले. इमर्जन्सी कोटा, म्हणजे रेल्वेने राखून ठेवलेल्या थोड्या जागा, खरा असतो, लेखी विनंतीवर मिळतो आणि त्याला भाड्यावर एक रुपयाही जादा लागत नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. पीएनआर दिला, पैसे पाठवले. चहा संपायच्या आत मेसेज आला: पीएनआर माझाच, कन्फर्म, एस 4, बर्थ 32.

आणि तो म्हणाला, “लोअर गावलो तुमका, 32 नंबर. नशीब तुमचा.”

इथे. इथेच मी थांबायला हवं होतं. वीस वर्षं या मार्गाने स्लीपरने ये-जा करतोय. आठाच्या पाढ्यातला प्रत्येक नंबर साइड अपर असतो: 8, 16, 24, 32. शेंबड्या पोराला माहीत आहे. खिडकीतून डोकं बाहेर काढता येत नाही म्हणून 32 नंबरवर माझा मुलगा रडलाही होता एकदा. रेल्वेतल्या माणसाच्या साडूला 32 लोअर वाटतो? माझ्या मनात ते आलं होतं, खोटं नाही सांगत. आलं आणि मी ते झटकलं, कारण माणूस आपला होता आणि चूक दाखवणं मला उद्धटपणाचं वाटलं. रात्री झोप येत नाही ती या एका क्षणामुळे. मेसेजसुद्धा साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला. रेल्वेचा मेसेज अक्षरी नावाने येतो. तेवढं नक्की बघा.

ॲपवर अजून वेटिंगच होतं. “कोटो रात्री चढता,” म्हणाला. ॲप वेटिंग म्हणत असेल तर वेटिंगच, माणूस काहीही सांगो.

मग भावाच्या पाच तिकिटांचा विषय त्याने नाही, मीच काढला. तिकिटाला 2,200, पाचांचे 11,000. 6,000 ऑनलाइन, उरलेले रोख, कारण ‘साहेबांका ऑनलाइन चलत नाय’. कोणी हे वाक्य बोललं की तिथून उठा. मी व्यापाऱ्याच्या पैशांतून 5,000 मोजून दिले. लोभ नव्हता मला. 60 दिवस आधी आरक्षण उघडतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात. डोळ्यांदेखत दोन वर्षं भावाची पोरं गणपतीला येऊ शकली नाहीत. या घायकुतीवरच ही माणसं जगतात.

उरलेला दिवस मी आनंदात घालवला, हेच जास्त लागतं. राजाबाई टॉवर, म्युझियम, गेटवे. फोन 9 टक्क्यांवर आला म्हणून बंद ठेवला. आता चार्ट गाडीच्या बऱ्याच तास आधी लागतो. दुपारी 3 ला तिकीट रद्द झाल्याचा खरा मेसेज आला होता, तो मी रात्री स्टेशनवर चार्जिंग करताना पाहिला. तरी डब्यात गेलो. 32 वर एक मुलगा झोपला होता. टीसींनी यंत्रात बघून शांतपणे सांगितलं, उतरा. तिकिटाचे पैसे आपोआप परत आले, त्याचा प्रश्न नाही. ‘गाववाल्या’चा फोन बंद.

पोलीस ठाण्यांची नावं लिहीत नाही. पहिल्या ठिकाणी: आमची हद्द नाही. दुसऱ्या ठिकाणी: “दलालाकडून तिकीट घेता? तुमच्यावरच केस होईल.” रेल्वे कायद्याच्या कलम 143 मध्ये दलालाला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. त्याला शोधायचं सोडून मला दम! 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवता येतो. मी हे म्हणालो तर “वकील आहात का?” पहाटे 2 पर्यंत बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी कागदसुद्धा घेतला नाही. 1930 या हेल्पलाइनवर सायबर तक्रार झाली, पण फक्त 7,200 ची. 5,000 ना पुरावा नाही. बँक म्हणते पिन तुम्ही स्वतः टाकलात. गावाकडचं ठाणं म्हणतं, मुंबईत घडलं, मुंबईत जा. एका तक्रारीसाठी पुन्हा 500 किलोमीटर? कारखाना कोणी चालवायचा? 1930 ला मी दुसऱ्या दिवशी फोन केला, ती चूक तुम्ही करू नका. पहिल्या तासात पैसे गोठवता येण्याची शक्यता असते. माझे ते तास आधी फिरण्यात आणि मग ठाण्याच्या बाकावर गेले.

आज सोळावा दिवस. तक्रारीपुढे ‘प्रक्रियेत’ असंच दिसतंय. भावाला काल खरं सांगितलं. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने एसटीच्या जादा गाडीच्या पाच सीट बुक केल्याचा मेसेज पाठवला त्याने.