शेततळं की सामायिक विहीर? तीन-चार एकरवाल्यांसाठी

बोअर मी आधीच बाजूला ठेवतो. आपल्या सोलापूरच्या काळ्या खडकात पाणी भेगांत असतं. भेग लागली तर लागली, नाहीतर पाचशे फुटांचा फुफाटा उडवून गाडी परत जाते.

उरलं शेततळं. 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल तळं काठोकाठ भरलं तर साधारण 22 लाख लिटर. ऐकायला समुद्र वाटतो. पण आपला पाऊस वर्षाला पाच-साडेपाचशे मिलिमीटर. तळ्यात थेट पडणाऱ्या पावसानं पाव तळंही भरत नाही. बाकीचं पावसाळ्यातच ओढ्यावरून आणावं लागतं. बोअर उपसून भरणारेही पुष्कळ आहेत. जमिनीतलं गार पाणी काढून उन्हात वाळत घालायचा तो प्रकार.

सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागा अशा तळ्यांवर उन्हाळा काढतात. एकरी 300 झाडं, ठिबकनं झाडाला रोज 40 लिटर धरलं, तर तीन महिन्यांत 11 लाख लिटरच्या आत भागतं. मग दोन एकर का नाही? कारण एप्रिल-मेमध्ये रोज सेंटिमीटरभर पाणी ऊनच पितं, म्हणजे भरल्या तळ्यातून दिवसाला आठ-नऊ हजार लिटर. तेव्हा एका तळ्यावर एकच एकर बाग धरा. शिवाय बांधासकट दहा-बारा गुंठे जातात, ते तीन एकरांत टोचतं.

आमच्या तळ्यात पहिल्याच वर्षी कुत्रं पडलं. वर यायच्या धडपडीत नखांनी तळाचा प्लास्टिकचा कागद फाटला आणि दिवाळीला तळ नुसता ओला होता. आधी कुंपण आणि काठाला गाठी मारलेला दोर, मग पाणी.

सामायिक विहिरीत खर्च वाटला जातो, पण पाणी घ्यायची पाळी सांभाळावी लागते. रात्रीची लाईट कुणी घ्यायची? मधेच लाईट गेली तर बुडालेले तास कुणाच्या खाती? शेजारच्या विहिरीवर मोटरच्या पेटीत खिळ्याला वही टांगलेली आहे. मोटर चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, सही. लाईट गेली की तिथंच रेघ. वहीचे कोपरे भिजून फुगलेत, पण रेघेवरून अजून कुणी हुज्जत घातलेली नाही.

नियम नव्यानं शोधायची गरज नाही. 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी जमिनीवर नव्हे, माणसांवर वाटलं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस बंद. यातली ऊसबंदी मला सगळ्यात मोलाची वाटते. सहा जणांत एकानं ऊस लावला की मार्चमध्ये बाकी पाचजण कोरडे.

ओढा लगत आहे, डाळिंब लावायचंय आणि भावकीशी जमत नाही, तर तळं करा. ज्वारी, हरभरा, तूर असेल तर विहीर. ज्वारीला पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, एक पाणी मिळालं तरी कणीस भरतं आणि त्याला एकरी दोनेक लाख लिटर पुरतात. मंगळवेढ्यासारखं भारी काळं रान असेल तर दोन्ही नको. तिथं मालदांडी ज्वारी जमिनीतल्या ओलीवरच निघते. पैसा बांधबंदिस्तीत घाला.

विहिरीचं ठरलंच, तर हिस्सा सातबाऱ्यावर इतर हक्कांत चढवून घ्या. उद्या पोरांच्या वाटण्या झाल्या की पाळीचे तुकडे कसे करायचे, तेही आत्ताच कागदावर आणा.