महाविद्यालयासमोरचे मॉडेल-साहित्याचे दुकान

आर्किटेक्चरचा पदवी अभ्यासक्रम ५ वर्षांचा असून त्यातल्या कित्येक रात्री इमारतींची मॉडेल बनवत कटिंग मॅटवर वाकून जातात, म्हणूनच पुण्यातील आमच्या महाविद्यालयासमोरच्या या छोट्या दुकानाविषयी मनापासून लिहावेसे वाटले. माउंट बोर्ड (जाड पुठ्ठा), सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड), बाल्सा लाकूड, गेटवे शीट (जाड ट्रेसिंग कागद) हे सारे येथे सुटे मिळते. ए-१ आकाराचा, म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटरचा कागद दुकानदार काका गुंडाळी न करता दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधून देतात. ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडण्याच्या, सकाळी कोपरा दुमडलेली शीट ज्याला लावावी लागली आहे, त्यालाच या काळजीचे मोल कळेल. १:१०० प्रमाणातील मॉडेलसाठी मी ५ मिलिमीटरचा सनबोर्ड मागितला, तेव्हा त्याची भिंत प्रत्यक्षातल्या मापाने अर्धा मीटर जाड होईल हे त्यांनीच लक्षात आणून दिले आणि नऊ इंची भिंतीला जवळचा असा २ मिलिमीटरचा माउंट बोर्ड काढून दिला. प्लॉटिंगबाबत, म्हणजे ड्रॉइंगच्या मोठ्या प्रिंटबाबत, मात्र मी समाधानी नाही. सबमिशनच्या आठवड्यात रांग तासन्‌तास हलत नाही, शिवाय बारीक रेषा इतक्या फिकट उमटतात की सेक्शनमध्ये (इमारतीच्या उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये) मागे दिसणारा भाग जवळजवळ नाहीसाच होतो. प्रिंट आदल्या दिवशी दुपारीच काढून, तेथेच उजेडात तपासून घ्यावी.