इनस्क्रिप्टवर ऱ, ॲ आणि प्रश्नचिन्ह: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

विंडोजमधला मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला प्रमाण कळ-आराखडा) मागच्या पावसाळ्यापासून रोज वापरतोय. काम नागपुरातलंच: मंडळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका आणि मधूनमधून वऱ्हाडी बोलीतल्या कथा टाइप करणं. त्यामुळे इतरांना क्वचित लागणारी अक्षरं मला पानोपानी लागतात. स्पीडबद्दल फार लिहीत नाही. ऑफिसची पत्रंच टाइप करायची असतील तर फोनेटिकही (इंग्रजी अक्षरांत उच्चार मारून मराठी मिळवणं) चालेल; विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक आयतं मिळतं.

मी इनस्क्रिप्टकडे वळलो तो ऱ मुळे. ‘वऱ्हाड’ मधलं ‘वऱ्ह’ लिहायचं तर व, मग शिफ्ट आणि जे, मग डीवरचा हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह), मग ह. बस. आधी मी र, हलन्त आणि त्यानंतर, ह च्या आधी, एक न दिसणारं जोडचिन्ह अशी कसरत करायचो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखं दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं वेगळी. परिणाम असा की दोन जणांनी दोन पद्धतींनी टाइप केलेल्या स्मरणिकेत ‘वऱ्हाडी’ शोधलं तर बहुतेक सॉफ्टवेअरांत अर्धेच सापडतात, आणि उरलेले प्रूफ वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर. पत्रिकेच्या हिशेबात ‘आचाऱ्याला दिले’ च्या जागी ‘आचार्याला दिले’ छापलं गेलं, तर स्वयंपाक्याचे पैसे गुरुजींच्या नावावर चढतात. ऱ ला स्वतःची कळ आहे एवढ्यासाठीसुद्धा मी इनस्क्रिप्ट सोडणार नाही.

ॲ चं मात्र तसं नाही. इनस्क्रिप्ट भारतीय मानकात आलं १९९१ साली, आणि मराठीचा ॲ युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक क्रमांक-यादीत) आला २००८ साली. म्हणून जुन्या आराखड्यात १ च्या कळीवर शिफ्टसह मिळतो तो हिंदी वळणाचा ऍ. काही जण अ काढून त्यावर अर्धचंद्र चढवतात. मग बऱ्याच ठिकाणी मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. वर्डमध्ये सरळ उपाय आहे: इंग्रजी आकड्यांत ०९७२ लिहायचं आणि ऑल्टसह एक्स दाबायचं, ॲ हजर. ०९३१ लिहिलं तर ऱ. हे दोन आकडे मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवा. ऑ ला काही त्रास नाही, त्याची वेगळी कळ आहेच.

आता खरी कटकट. विंडोजच्या या इनस्क्रिप्टवर प्रश्नचिन्हच नाही! त्या कळीवर य बसलाय, अवतरणचिन्हाच्या कळीवर ट आणि ठ, अर्धविरामाच्या जागी च आणि छ. कार्यालयीन मजकुराला फरक पडत नसेल, पण आमच्याकडच्या कथेत माणसं बोलतात कशी? ‘काऊन बे?’ ‘कुठी चालला?’ ‘काय करून राहिला?’ प्रत्येक ओळीला प्रश्न आणि दोन बाजूंना अवतरण. दरवेळी विंडोज कळ आणि स्पेस दाबून इंग्रजीत जा, चिन्ह टाका, परत या. पहिल्या संवादप्रधान कथेत मी इतका वैतागलो की पात्रांना गप्प बसवावंसं वाटलं. आराखडा करणाऱ्यांसमोर अक्षरं जास्त आणि कळा कमी होत्या, हे समजतं. तरी प्रश्नचिन्हाला कुठेतरी जागा हवी होती.

यावर उपाय सापडला तो मायक्रोसॉफ्ट कीबोर्ड लेआउट क्रिएटर. फुकट आहे, दिसायला जुनाट आहे. त्यात मराठीचा आराखडा उघडायचा, उजव्या ऑल्टखालच्या रिकाम्या जागांवर हवी ती चिन्हं बसवायची आणि नव्या नावाने इन्स्टॉल करायचा. मी प्रश्नचिन्ह, दोन्ही अवतरणं, उद्गारचिन्ह आणि ॲ बसवलेत. आता भाषा बदलावी लागत नाही. अडचण एकच, दुसऱ्याच्या मशीनवर बसलो की हात चुकतो.

इंग्रजीतल्या रेघावाल्या अक्षरांचं काम थोडंच पडतं. धरमपेठेतल्या एका कॅफेच्या मेनूसाठी ई वर तिरकी रेघ हवी होती: ऑल्ट धरून नंबरपॅडवर ०२३३. लॅपटॉपला नंबरपॅड नसेल तर विंडोज कळ आणि पूर्णविराम दाबा, इमोजीच्या खिडकीत चिन्हांचाही विभाग असतो. ₹ साठी इंग्लिश (इंडिया) कीबोर्डवर उजवा ऑल्ट आणि ४. कळांवर लावायचे देवनागरी स्टिकर बर्डीच्या बाजारातून आणले होते, मे महिन्याच्या घामात निम्मे उखडले. तोवर कळा पाठ झाल्या होत्या, म्हणून नवे घेतले नाहीत.

रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या आराखड्यावर, शिकलेल्यांना सुरुवातीचे आठवडे जड जातील. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, इथे नंतर, आणि बोटं ते लवकर विसरत नाहीत.

छापखाना युनिकोडआधीच्या जुन्याच फॉन्टवर अडून असेल, तर मजकूर त्या फॉन्टमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून जातो आणि तिथे ऱ ला धोका असतो. बाहेर आलेल्या फाइलमध्ये मी सगळ्यात आधी ‘र्ह’ शोधतो. अर्हता, गर्हणीय असे मोजकेच खरे शब्द सोडले तर जे सापडेल ते जवळपास सगळं दुरुस्त करण्यासारखंच असतं. ‘र्य’ ला ही युक्ती चालत नाही. सूर्य, कार्य, आचार्य सगळेच रांगेत उभे राहतात, तिथे ओळ न् ओळ वाचावी लागते.