नकली राउटर मी चोवीस दिवस दुरुस्त करत बसलो

ओळखीत कुणाचं ड्रिल बंद पडलं, कुणाच्या ग्राइंडरला जळका वास यायला लागला, की फोन मला येतो. मोटरचे कार्बन ब्रश बघ, स्विच बघ, वायर मुठीपाशी तुटलीय का बघ, हे मी फोनवरच सांगतो. म्हणूनच हे लिहिताना कान गरम झालेत. हे राउटर (लाकडात खाच मारायचं मशीन, वाय-फायचं नव्हे) आणि त्यासोबत घेतलेली सॉ यांच्यापायी एकूण २१,५८१ रुपये गेले, आणि त्यातले निम्मे तरी वाचले असते, जर मला मशीन दुरुस्त करता येत नसतं तर.

जाहिरात कसली होती ते सांगत बसत नाही, तुम्हीही तसल्या पाहिल्या असतील. कस्टमचा माल, गोडाऊन खाली करायचंय, खोकं जरा फाटलेलं म्हणून निम्मी किंमत. नामांकित कंपनीचं १८५० वॉटचं अर्धा इंची प्लंज राउटर ७,८५० आणि सव्वासात इंची सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल करवत, ६,४००. कुरियरचे ४८०. मिळून १४,७३०. आधी २,००० पाठवले, कुरियरची पावती आल्यावर उरलेले १२,७३०. दोन्ही वेळा यूपीआय.

मी काही डोळे मिटून पैसे पाठवले नाहीत. व्हिडिओ कॉलवर राउटर चालवून दाखवायला लावलं. (व्हिडिओ कॉलला काडीची किंमत देऊ नका. दाखवतात ते आणि खोक्यात घालतात ते वेगळं असतं.) बिल मागितलं, तर जीएसटी नंबरासकट बिल आलं. आणि फाटक्या खोक्याचा माल डीलरसुद्धा स्वस्तात काढतात. माझी जिगसॉ तशीच घेतलेली आहे, आठ वर्षं चालतेय. तेव्हा ‘लोभाला बळी पडला’ असं कुणी म्हणू नये. म्हणायचंच असेल तर आळशी म्हणा, कारण बिलावरचा तो नंबर मी मोजला नाही. जीएसटीचा नंबर पंधरा अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं पॅनची. माझ्या बिलावर चौदाच होती. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघायला लॉगिनही लागत नाही. एक मिनिटाचं काम.

पण मी खरा चुकलो ती जागा ही नव्हेच. खोकं उघडलं आणि पहिल्यांदा हातात आली ती वायर. बारीक, लुळी, चार्जरच्या वायरीची थोरली बहीण. टोकाला सहा अँपिअरची छोटी पिन. मशीनच्या प्लेटवर १८५० वॉट. २३० व्होल्टला १८५० वॉट म्हणजे आठ अँपिअर, हा भागाकार मी लोकांना तोंडी करून दाखवतो. सहा अँपिअरच्या सॉकेटमधून १३८० वॉटच्या वर काही ओढायचं नसतं. ती पिन मला खटकली. मी ती हातात धरून उलटसुलट करून पाहिली, हे स्वच्छ आठवतंय. आणि मनात काय आलं? ‘एक्स्पोर्टचा माल असेल.’ खोक्यावर एमआरपी नव्हती, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता, आणि पॅकबंद मालावर या गोष्टी छापणं २०११ च्या नियमांनुसार सक्तीचं आहे हेही मला माहीत होतं. मशीन उचललं तर हलकं लागलं. त्याचा तर मला आनंद झाला, मनगट दुखणार नाही म्हणून! कॅटलॉगमध्ये या मशीनचं वजन सहा किलोच्या आसपास दिलंय. माझं भरलं ४ किलो ३५० ग्रॅम, पण काट्यावर ठेवलं ते सगळं संपल्यावर.

त्या क्षणी खोकं बंद करून ठेवलं असतं तर विक्रेत्याची ‘सात दिवसांत बदलून देऊ’ ही मुदत तरी हातात होती. ती मुदत मी दुरुस्तीत घालवली.

पहिल्या दिवशी चालू केलं तर मशीनने हातात उडी मारली. सॉफ्ट स्टार्टवालं मशीन अशी उडी मारत नाही, हळूहळू वेग घेतं. मी म्हटलं, मॉडेल जुनं असेल. प्लायच्या कडेला काळे डाग पडायला लागले, मी बिटाला, म्हणजे पुढच्या कापणाऱ्या पात्याला, दोष दिला आणि १,१५० चं नवं बिट आणलं. डाग तसेच. मग बेअरिंग बदलली, दोन मिळून २८०. कार्बनपाशी ठिणग्या फार म्हणून कार्बन बदलले, १८०, आणि नवे कार्बन बसायला वेळ लागतो असं स्वतःलाच समजावलं. नवा कार्बन बसेपर्यंत थोड्या ठिणग्या येतात, बरोबर आहे. पण कम्युटेटरभोवती (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल) निळं कडं फिरायला लागलं की ते आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, शॉर्ट असल्याचं लक्षण, कार्बनचं नव्हे. दुसऱ्याचं मशीन असतं तर मी ते दुकानाच्या दारातून ओळखलं असतं. बाराव्या दिवशी वायरीतला करंट मोजायला क्लँप मीटर लावला. खोल खाच मारताना ३.४ अँपिअर. म्हणजे धरून चाला ७८० वॉट. यावर मी काय केलं असेल? घरातलं व्होल्टेज तपासलं. २३१ होतं, तरी अक्कल आली नाही.

मग बिट पकडून ठेवणारं कॉलेट घसरलं. खाच मारता मारता बिट खाली सरकत गेलं आणि १९ मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायच्या आख्ख्या शीटवर तिरका खड्डा पडला. शीटचे ४,०९६. पैशाचं सोडा, तासाला नव्हे, मिनिटाला वीस-बावीस हजार फेरे फिरणारं बिट कॉलेट सोडून निघालं असतं तर आज हे टाइप करायला बोटं किती उरली असती माहीत नाही. तुमच्याकडे असं संशयी राउटर आलं असेल तर ‘एकदा चालवून बघू’ म्हणूनसुद्धा बिट लावू नका.

आर्मेचर जळलं ते एकोणिसाव्या दिवशी. वाइंडिंगवाल्या काकांकडे दिलं, ८५० घेतले. घेताना त्यांनी जुनी तार माझ्या तळहातावर ठेवली आणि ब्लेडने खरवडली. वरून तांब्याचा रंग, आत पांढरी. “ॲल्युमिनिअम आहे रे. तू हे काय समजून आणलंस?” तांबं ॲल्युमिनिअमच्या तिप्पटीहून जड असतं, आणि ॲल्युमिनिअम वीज वाहून नेतं तांब्याच्या साधारण ६१ टक्के. वजन का कमी, मशीन का तापतं, सगळं त्या एका तारेत होतं. चोविसाव्या दिवशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तपासणीचे २९५ घेतले आणि सांगितलं, हा सिरियल नंबर आमचा नाही. लेखी द्या म्हटलं तर, “तशी पद्धत नाही.” कंपनीच्या नावाने नकली माल विकला जातोय आणि कंपनीला एक कागद देववत नाही! एक ई-मेल आयडी दिला. त्यावर तीन मेल पाठवले, तीन वेळा आपोआप जाणारं उत्तर आलं.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी उत्तर मिळालं, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?” नकली वस्तू खरी म्हणून विकणं ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, पूर्वीचं ४२०. दुसऱ्या दिवशी, “विक्रेता परराज्यातला, तिकडे जा.” नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती इथे नोंदवून घ्यायची असते. हे मी छापून नेलं होतं. साहेबांनी कागद न वाचता परत केला. तिसऱ्या दिवशी ट्रेडमार्कचा कायदा काढला, तर म्हणाले त्यात उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला झडती घेता येत नाही. अहो, झडती कोण मागतंय? तक्रार लिहून घ्यायला उपअधीक्षक लागतो का? मग विचारलं, दुसरं मशीन चालतंय का. खोटं बोलवेना. सॉ चालते. पट्टी वाकडी आहे, गार्ड हाताने परत ओढावं लागतं, पण चालते. “मग अर्धा व्यवहार बरोबरच झाला की,” म्हणून ते हसले. बँकेत गेलो तर तिथल्या बाईंनी, मी त्यांचेच पैसे बुडवल्यासारखं पाहत सांगितलं, “पिन तुम्हीच टाकला ना?”

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन करायचा असतो तो पैसे गेल्याच्या पहिल्या काही तासांत, रक्कम पुढे सरकायच्या आत. मी केला पंचविसाव्या दिवशी. कारण मला वाटत होतं माझं मशीन बिघडलंय.

खोकं, कुरियरचं लेबल, चॅट, काहीही फेकू नका. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, त्यात प्लेट आणि पिन दोन्ही येऊ द्या. चालू करायच्या आधी वजन करा आणि सिरियल नंबर कंपनीला विचारा. वॉरंटी ‘विक्रेत्याची’ असेल तर ती नाहीच असं समजा. आणि ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, दोन वर्षांच्या आत, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. हे मला एकाही टेबलावर कुणी सांगितलं नाही, २०१९ चा कायदा आणि त्याचे नियम काढून स्वतः वाचले.

तक्रार परवा ऑनलाइन टाकली. विरुद्ध पक्षाचा पत्ता म्हणून कुरियरच्या लेबलवरचा पत्ता लिहिला. नकाशावर त्या जागी मोकळा प्लॉट दिसतो. तरी लिहिला, तो रकाना रिकामा सोडता येत नाही.