‘डायरेक्ट बसते साहेब’ म्हणून विकलेली सीट

वॅगनआरच्या खालच्या मॉडेलमध्ये ड्रायव्हरची सीट वर-खाली होत नाही. बायकोची उंची कमी, त्यामुळे गाडी चालवताना तिला खाली उशी घ्यावी लागायची. जुन्या सीट विकणाऱ्या एका दुकानदाराने लिव्हरने उंच होणारी, एका सेदानची सीट दाखवली. ‘डायरेक्ट बसते साहेब. कंपनी एकच, रेलपण सेम.’ फिटिंग धरून ९,००० रुपये, वर आमची मूळ सीट त्याला.

सीट दिसायला झकास. पण काही दिवसांनी उतारावर ब्रेक मारला की ती एका अंगाने किंचित सरकू लागली. दुकानदार म्हणाला, ‘ग्रीस जास्त झालं असेल.’ शेवटी ओळखीच्या मेकॅनिकने सीट सोडवली आणि मला बोलावून उलटी करून दाखवली.

रेल, म्हणजे सीट ज्यांवर पुढे-मागे सरकते ते खालचे रूळ, सेम नव्हतेच. बोल्टच्या भोकांमधलं अंतर, पुढच्या-मागच्या पायांची उंची मॉडेलगणिक बदलते, आणि उंच वॅगनआरचा फ्लोअर बसक्या सेदानला कुठून जुळणार? पठ्ठ्याने आमच्याच सीटचे रेल कापून नव्या फ्रेमला लोखंडी पट्ट्यांनी वेल्ड केले होते, वर काळा स्प्रे मारून. दोन्ही रेलचे लॉक एकदम सोडणारी सळई त्यात वाकली होती, म्हणून लॉक एकाच बाजूचा लागत होता. कंपनीच्या बोल्टच्या डोक्यावर सहसा ग्रेडचा, म्हणजे मजबुतीचा, आकडा असतो, जसं ८.८ किंवा १०.९. हे बोल्ट कोरे होते.

बेल्टचं बक्कल सीटच्याच फ्रेमला असतं. समोरून धडक बसली की माणसाचा बराचसा भार बक्कलमधून रेलवर येतो. इथे तो त्या पट्ट्यांवर आला असता. बरं, बक्कलच्या वायरची पिनही जुळत नव्हती. त्यावर याचा इलाज काय, तर दोन वायरी पिळून टेप! बेल्ट लावा न लावा, गाडीला तो लावलेलाच वाटणार, बीप वाजणारच नाही. मला सगळ्यात जास्त संताप याचा आला. वेल्डिंग एक वेळ अडाणीपणाने होतं, वायरी जाणूनबुजून पिळाव्या लागतात.

हल्ली बऱ्याच गाड्यांत साइड एअरबॅग सीटच्या पाठीतच असते, कडेला तसं लेबल असतं. तशी सीट जुनी घेऊच नका.

इतर कोणतीही बसवून घेताना गाडीजवळून हलू नका. लोखंड कापायचा ग्राइंडर बाहेर आला की काम थांबवा. सीट पुढे-मागे करून दोन्ही रेल लॉक होतात का, हे हाताने बघा. बेल्ट न लावता गाडी थोडी पुढे घ्या आणि बीप वाजते का ऐका. मूळ सीट मात्र देऊ नका. आमची परत मागितली तर ‘विकली’ म्हणाला; रेल कापल्यावर विकायला काय उरलं होतं, कोण जाणे.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. अडचण बिलाची आहे. त्यावर रक्कम बरोबर आहे, पण तपशिलात लिहिलंय ‘सीट कव्हर व फिटिंग’. दुकानदार आता तेच बिल पुढे करून म्हणतो, सीट मी विकलीच नाही.