मृत्युपत्रातून आलेली शिष्यवृत्ती: पाचपैकी चार तारे

चाळिशीनंतर पर्थला नर्सिंग शिकायला लागले. फीचा भार एका दिवंगत बाईंच्या मृत्युपत्रातल्या निधीनं उचलला. इथं ही रीत जुनी आहे. इथले वृत्तपत्रमालक विन्थ्रॉप हॅकेट १९१६ साली वारले, १९२६ मध्ये त्यांच्या इस्टेटीतून वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाला ४,२५,००० पौंड मिळाले.

पैसे थेट खात्यात येतात. पुस्तकं घ्या नाहीतर पाळणाघराची फी भरा, कुणी हिशेब मागत नाही. मार्कांपेक्षा अडचण बघतात, हे फार आवडलं.

तारा कापला तो फॉर्मपायी. आपली ओढाताण रंगवून लिहायची, वर सेंटरलिंकचा, म्हणजे सरकारी भत्ते देणाऱ्या खात्याचा, कागद. वर्गातल्या नूंगार मुलीला तर आदिवासी असल्याचं शिक्क्याचं पत्र आणावं लागलं, तेही तिच्याच पूर्वजांच्या भूमीवर!

स्टुडंट व्हिसावाल्यांनी नाद सोडा. नागरिकत्व किंवा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, लागतोच.